आपली बाटली घेऊन जेवायला जायची सोय आपल्याकडे का नको?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपला पेपर मी इथे मेलबर्नमधे रोज सकाळी मोबाईलवर वाचते आणि वाचकांची पत्रं तर न चुकता. किराणा दुकानात वाईन विकावी की नाही यावर अधूनमधून पत्रं येतच असतात, जानेवारी २०२२ मधे मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटात वाईन ठेवायचा निर्णय घेतला तेव्हापासून तो वाद सुरू आहे, पुढे निर्णय रखडला पण वाद काही मिटला नाही. दोन्ही बाजूंची पत्रं मनापासून लिहिलेली असतात. पण मला एक गोष्ट सारखी खटकते, सगळे फक्त ती बाटली कुठे विकायची एवढंच बोलतात, ती विकत घेतल्यावर माणसाने कुठे बसून, कोणाबरोबर आणि कशासोबत प्यायची हे कोणीच बोलत नाही. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे, म्हणून हे पत्र.

मी इथे राहते त्या व्हिक्टोरिया राज्यात बीवायओ, म्हणजे 'ब्रिंग युअर ओन', नावाचा प्रकार आहे. म्हणजे साधं हॉटेल, कॅफे, खानावळ म्हणा, तिथे जेवण त्यांचं आणि बाटली आपली. येताना कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानातून आपल्याला परवडेल ती वाईन घ्यायची, टेबलावर ठेवायची, हॉटेलवाला ग्लास देतो आणि त्याचे थोडे पैसे लावतो ज्याला इथे कॉर्केज म्हणतात. कुठे बाटलीमागे, कुठे माणसामागे. दारावर किंवा मेनूच्या खाली स्पष्ट लिहिलेलं असतं, बीवायओ, फक्त वाईन. बहुतेक ठिकाणी बिअर आणि व्हिस्की चालत नाही, काही ठिकाणी फक्त सोमवार ते गुरुवारच चालतं कारण शनिवारी तसंही टेबल मिळत नाही. यासाठी हॉटेलवाल्याला वेगळं परमिट घेता येतं, आणि ज्याला दारू विकायचीच नाहीये त्याला बारचं लायसन काढत बसायची गरज पडत नाही.

आता हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगते कारण त्याशिवाय मुद्दा कळणार नाही. मेलबर्नच्या रिचमंड भागात व्हिक्टोरिया स्ट्रीट म्हणून रस्ता आहे, १९७५ नंतर जे व्हिएतनामी लोक निर्वासित होऊन आले त्यांनी तो उभा केला, दोन्ही बाजूंना भाजीची दुकानं, मासे, बेकऱ्या आणि हॉटेलं. ट्रामच्या स्टॉपसमोरच्या एका हॉटेलात आम्ही चार मराठी कुटुंबं नेहमी जातो. प्लॅस्टिकचे टेबलक्लॉथ, मेनूकार्ड लॅमिनेशन केलेलं आणि कडा सुटलेल्या, टेबलावर चॉपस्टिक्सचा डबा आणि चिरलेल्या लाल मिरच्यांची वाटी. गल्ल्यावर आजी बसलेली असते आणि नातू अभ्यासाची वही बाजूला सारून ऑर्डर घ्यायला येतो. तुम्ही कागदी पिशवीतून बाटली काढली की तो न विचारता जाड बुडाचे छोटे ग्लास आणून ठेवतो, आपण चहाला वापरतो त्याच मापाचे. उंच दांडीचे नाजूक ग्लास वगैरे काही नाही. ऑस्ट्रेलियात बहुतेक वाईनच्या बाटल्यांना फिरकीचं झाकण असतं, बूच नसतंच, त्यामुळे ओपनरही लागत नाही, उरली की झाकण लावून घरी. तळलेले रोल येतात ते लेट्युस आणि पुदिन्याच्या पानात गुंडाळून फिश सॉसच्या आंबटगोड पाण्यात बुडवून खायचे, त्यात मिरची सढळ हाताने, आणि त्याच्यासोबत इथल्याच क्लेअर व्हॅलीची थंडगार रीसलिंग, म्हणजे एक पांढरी वाईन. आमच्यातल्या एक काकू ज्या आयुष्यात कधी प्यायल्या नव्हत्या त्या आता अर्धा ग्लास घेतात, काका अजिबात घेत नाहीत, मुलं आंब्याचा ज्यूस पितात, आणि ज्याची गाडी त्याचं लिंबूपाणी हा नियम पक्का कारण इथे पोलिसांची मोठी गाडी कुठल्याही वळणावर उभी असते आणि फुंकायला लावते, तेही आजचं नाही १९७६ पासून. नवीन लायसनवाल्याच्या रक्तात दारूचा अंशही चालत नाही, जुन्याला ०.०५ टक्क्याची मर्यादा.

तास दीड तास जेवण, गप्पा, मुलांचं भांडण सोडवणं, बिल वाटून घेणं आणि घरी. चार कुटुंबांत मिळून दोन बाटल्या, कधीकधी त्यातलीही उरते. मी हे मुद्दाम सांगतेय कारण आपल्याकडे 'हॉटेलात दारू' म्हटलं की डोळ्यासमोर परमिट रूम येते, अंधार, मोठ्या आवाजातला टीव्ही, शेंगदाणे आणि चकली, आणि वर जिना चढून गेल्यावर 'फॅमिली सेक्शन' ज्यात बायकामुलांना नेऊन बसवायचं. परमिट रूममधे वेटर दर दहा मिनिटांनी येऊन 'रिपीट करू का साहेब' विचारतो. त्या बिचाऱ्याचा दोष नाही, मालकाची कमाईच पेगवर चालते, जेवणावर त्याला फार काही सुटत नाही, गिऱ्हाईक जितकं जास्त पिईल तितका धंदा. बीवायओमधे हे गणितच उलटं आहे. तुम्ही अजून एक ग्लास प्यायलात तर हॉटेलवाल्याला एक पैसा जास्त मिळत नाही, त्याला मिळतो तो तुम्ही अजून एक डिश मागवलीत तर. म्हणून तो स्वयंपाकावर जीव ओततो. तुम्ही झिंगून गोंधळ घातलात तर शेजारच्या टेबलावरचं कुटुंब उठून जाईल आणि त्याचं परमिटही अडचणीत येईल, त्यामुळे दारू कमी प्यायली जावी हे त्याच्या स्वतःच्या फायद्याचं आहे. कुठल्याही उपदेशापेक्षा हे जास्त चालतं असं मी इथे इतकी वर्षं बघतेय.

पैशाचंही बोलायला हवं. दुकानात १५ डॉलरला मिळणारी वाईन लायसनवाल्या रेस्टॉरंटमधे साधारण ४५-५० डॉलरला पडते, बीवायओमधे तीच १५ अधिक कॉर्केज. पगारदार माणसाला बाहेर जेवणं परवडतं ते यामुळे. आणि हॉटेलवाल्याला दारूचा स्टॉक भरायला पैसे अडकवावे लागत नाहीत, नुकताच देशात आलेला माणूस, भांडवल नाही, भाषा धड येत नाही, पण आईच्या हातची चव हातात आहे, तो एवढ्यावर हॉटेल सुरू करू शकतो. इथे इटालियन आणि ग्रीक लोकांनी असंच केलं, मग व्हिएतनामी, लेबनीज, अफगाण आणि आता आपले लोकही. मेलबर्नमधेच कार्लटनमधली लायगन स्ट्रीट, ब्रन्सविकमधला सिडनी रोड, फुट्सक्रे, डँडेनाँग, कुठेही जा, छोटी हॉटेलं अशीच उभी राहिली.

आणि हा देश पहिल्यापासून असा समंजस होता असं कोणी समजू नये. व्हिक्टोरियात १९१६ ते १९६६ अशी पन्नास वर्षं पब संध्याकाळी सहाला बंद करायचा कायदा होता. हेतू चांगला होता, पहिलं महायुद्ध चालू होतं, माणसं लवकर घरी जावीत, संसार सुखाचे व्हावेत. झालं काय तर पाचला कारखाना सुटला की पुरुष पबमधे घुसायचे आणि एका तासात उभ्याउभ्या जेवढी ढोसता येईल तेवढी ढोसायचे, बायका तर त्या दारातही दिसायच्या नाहीत. जेवणाबरोबर निवांत एखादा ग्लास ही गोष्ट इटालियन लोकांच्या घराघरात होती पण कायद्याला ती ओळखीची नव्हती. ती वेळेची अट गेली आणि साठ-सत्तरच्या दशकात बीवायओ पसरलं. शेजारच्या न्यूझीलंडने तर १९७६ मधे कायदा बदलून खास बीवायओ लायसन सुरू केलं. म्हणजे दारू कमी व्हावी म्हणून घातलेली बंधनं जेव्हा उलटी पडली तेव्हा या लोकांनी जेवणाच्या टेबलाचा रस्ता धरला.

आता इथे बीवायओ कमी होत चाललंय हेही खरं. १९८७ च्या कायद्याने व्हिक्टोरियात दारूचं लायसन मिळणं सोपं झालं, छोटे बार वाढले, आणि भाडं, पगार, वीज सगळंच महागल्यावर हॉटेलवाल्याला वाटतं की वाईनवरचा नफा आपणच का घेऊ नये. कॉर्केजही वाढलंय, पूर्वी पाच डॉलर होतं तिथे आता पंधरा-वीस लावतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. म्हणून इथल्या मराठी लोकांना मी सांगत असते की जिथे बीवायओ आहे तिथे जा, कॉर्केजवरून हुज्जत घालू नका, आणि आपली बाटली आहे म्हणून एका स्टार्टरवर तीन तास टेबल अडवू नका. काही लोक ते करतात, मग मालक पाटी काढून टाकतो आणि नुकसान सगळ्यांचं.

आता नाशिकबद्दल. माझं माहेर निफाड तालुक्यातलं. खायच्या द्राक्षांचं गाव, थॉमसन, सोनाका, पण आता आजूबाजूला वाईनच्या द्राक्षांच्याही बागा आहेत. विंचूरला सरकारनेच वाईन पार्क काढलं, २००१ मधे द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, उद्योगाला सवलती दिल्या. वाईनरीत जाऊन पर्यटक वाईन पितात, फोटो काढतात, मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत त्याच बाटल्या कितीतरी पट भावाने मिळतात. पण ज्या गावात ती द्राक्षं पिकतात तिथला माणूस आपल्या आईवडिलांना घेऊन, शेजारच्या वाईनरीची एक बाटली घेऊन, काळ्या मसाल्याचं मटण आणि बाजरीची भाकरी मिळते त्या खानावळीत बसू शकत नाही. मागच्या वेळी आले होते तेव्हा भावाच्या लग्नाच्या वाढदिवसाला मी अशाच एका खानावळवाल्या दादांना आधी फोन करून विचारलं होतं, ते म्हणाले ताई तुम्ही घरचेच आहात पण नको, उद्या कोणी तक्रार केली तर माझं दुकान बंद होईल. त्यांचं अगदी बरोबर होतं. आपल्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवाना नसलेल्या जागी गिऱ्हाइकाला पिऊ देणं हा गुन्हा आहे, मालकावरही आणि पिणाऱ्यावरही. ढाब्यांवर छापे पडतात त्या बातम्या आपल्याच पेपरात येतात.

मग लोक काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे. गाडीत बसून पितात, शेतात पितात, हायवेच्या कडेला पितात, ढाब्यावर स्टीलच्या ग्लासात कोल्ड्रिंकखाली लपवून पितात, आणि घाईत पितात. आणि हे करणारे बहुतेक पुरुषच. बाई घरी. जे चारचौघांत, उजेडात, पोराबाळांसमोर करता येत नाही ते माणूस प्रमाणात करत नाही.

इथे मला कोणाचा गैरसमज नको. ज्या गावातल्या बायकांनी मतदान करून आडवी बाटली निवडली आणि दुकान बंद पाडलं त्यांच्याबद्दल मला आदरच आहे, दारूपायी घरं कशी धुळीला मिळतात ते मी गावात जवळून बघितलंय. वर्धा-गडचिरोलीसारख्या दारूबंदी असलेल्या जिल्ह्यात हे नकोच. माझं म्हणणं दारू वाढवा असं नाहीये. मी एकही नवीन दुकान मागत नाही, एकही नवा बार मागत नाही. दुकानातून कायद्याने विकत घेतलेली वाईनची बाटली जेवणासोबत उघडता येईल असं छोटं परमिट फक्त मागतेय, आणि तेही प्रयोग म्हणून, एकट्या नाशिक जिल्ह्यात एका वर्षासाठी.

अटी हव्या तेवढ्या कडक घाला. फक्त वाईन, दुसरं काही नाही. जेवण मागवल्याशिवाय बाटली उघडायची नाही. व्हिक्टोरियात रेस्टॉरंटच्या लायसनला अशी अट आहे की किमान ७५ टक्के गिऱ्हाइकांना पुरतील एवढी टेबलखुर्च्यांची सोय पाहिजे, म्हणजे जागा जेवायचीच राहते, गुपचूप बार होत नाही, ती अट जशीच्या तशी घ्या. रात्री दहाला बंद. शाळा आणि देवळापासूनचं अंतर आहे तेच ठेवा. परवानगी ग्रामसभेची किंवा वॉर्डातल्या महिलांची घ्या, त्यांनी नाही म्हटलं तर नाही. बाहेर रस्त्यावर पोलिसांची तपासणी ठेवा, आपल्याकडे तर मर्यादा ०.०३ म्हणजे इथल्यापेक्षाही कडक आहे, ती फक्त कागदावर राहायला नको. आणि परमिटची फी खानावळवाल्याला झेपेल अशी ठेवा, नाहीतर परत ते मोठ्या हॉटेलवाल्यांच्याच खिशात जाईल आणि ज्या दादांनी मला नको म्हटलं त्यांना काहीच मिळणार नाही.

उत्पादन शुल्क खात्याच्या मंत्र्यांना आपल्या वार्ताहरांनी हा प्रश्न एकदा विचारावा अशी विनंती आहे. आणि नाशिकच्या खानावळवाल्यांना, विशेषतः ज्या बायका स्वतः खानावळ चालवतात त्यांनाही विचारा, त्यांना हे हवंय का, त्यांना कशाची भीती वाटते. त्यांनी काय सांगितलं ते छापलंत तर मी इथे नक्की वाचेन.

आपली,
एक निफाडकर वाचक, मेलबर्न