ॲलिसच्या बोलिन्हा

फोंडा,
दि. 20 जून

प्रिय नीला,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. सात ते नऊ वर्षांची आठ मुलं, रविवारची सकाळ, एक अद्भुत गोष्टीचं पुस्तक आणि सोबत घरी भाजलेली बिस्किटं. बेत छानच आहे. माझं मत विचारशील तर 'ॲलिस इन वंडरलँड' वाच आणि बोलिन्हा, म्हणजे आपली गोव्याची रवा-नारळाची बिस्किटं, कर.

मुलांच्या बऱ्याच पुस्तकांत खाणं नुसतं शोभेला येतं. लुईस कॅरॉलच्या या पुस्तकात (1865 सालचं हे) खाल्ल्यावाचून गोष्ट पुढे सरकतच नाही. बाटलीतलं पेय पिऊन ॲलिस दहा इंचांची होते. मग काचेच्या टेबलाखाली तिला एक छोटी काचेची पेटी सापडते, पेटीत इवलासा केक, आणि त्यावर बारीक मनुकांनी सुबक अक्षरांत लिहिलेलं असतं, 'मला खा'. तो संपवल्यावर ती नऊ फुटांहून उंच होते. चौथ्या प्रकरणात खिडकीतून आत फेकलेल्या खड्यांचे केक होतात, त्यातला एक खाऊन ती पुन्हा लहान. पाचव्यात अळंब्याची एक बाजू उंच करते, दुसरी बुटकी. म्हणून बिस्किट असं हवं, की एकाच पिठाचे तीन आकार होतील आणि वर काढलेलं अक्षर भाजताना फुटणार नाही. नानखटाई इथे चालत नाही. ती वरून तडकते आणि अक्षराचे दोन तुकडे होतात. बोलिन्हाचं पीठ रवा-नारळाचं, त्यात सोडा नाही की बेकिंग पावडर नाही, त्यामुळे घातलेला आकार ते धरून ठेवतं. पोर्तुगीजमध्ये बोलिन्हा म्हणजे लहानसा चेंडू. नाताळच्या ताटात ती असतेच, मुलांच्या ओळखीची आहे.

आठ मुलांसाठी माप असं: बारीक रवा 250 ग्रॅम, खवलेला ओला नारळ 200 ग्रॅम, साखर 200 ग्रॅम, पाणी 100 मिली, लोणी 40 ग्रॅम, दोन अंड्यांचे बलक आणि एका अंड्याचा पांढरा, अर्धा चमचा वेलचीपूड, चिमूटभर मीठ. एक मध्यम नारळ बहुधा पुरतो, पण काट्यावर घालूनच घे. नारळ खवताना करवंटीलगतची तपकिरी पाठ येऊ देऊ नकोस, बिस्किटं मळकट दिसतात आणि मनुकांचं अक्षर उठून दिसत नाही. दूध काढून उरलेला चोथाही नको. त्यातला रस आणि बरंचसं तेल गेलेलं असतं.

शनिवारी संध्याकाळी रवा मंद आचेवर पाच-सहा मिनिटं कोरडा भाज. वास सुटला की पुरे, रंग बदलू द्यायचा नाही. नारळ पाणी न घालता मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरव. साखर-पाणी उकळून पाक बोटांना चिकट लागला की लगेच नारळ घाल. तार येईपर्यंत थांबू नकोस. इथेच बहुतेकांच्या बोलिन्हा दगड होतात, नि दोष मात्र भट्टीला दिला जातो. नारळ तीन-चार मिनिटं शिजला की लोणी, मीठ आणि रवा घालून ढवळत राहा. मिश्रण कढईच्या कडा सोडू लागलं की उतरव.

आता ते पूर्ण गार करून झाकून रात्रभर ठेवायचं. ही रात्र वाचवू नकोस. रवा नारळातला आणि पाकातला ओलावा हळूहळू पितो. पिऊन फुगला नाही तर बिस्किट दाताखाली कचकचतं आणि कडेला चिरा पडतात. मात्र सध्याच्या दमट हवेत ओटा काही रात्रभराच्या भरवशाचा नाही, नारळ आंबतो. गार झालं की डबा फ्रिजमध्ये टाक आणि सकाळी अर्धा तास आधी बाहेर काढ.

सकाळी फेटलेलं अंडं आणि वेलची घालून मळ. मिश्रण कोमट असताना अंडं घातलंस तर ते आतल्या आत शिजून गुठळ्या होतील, म्हणून कालच घालायचा मोह नको. पीठ हाताला चिकटलं तर चमचाभर रवा घालून पंधरा मिनिटं थांब, मैदा घालू नकोस. साधारण 800 ग्रॅम गोळा होईल. त्याचे 40 ग्रॅमचे आठ, 20 ग्रॅमचे सोळा आणि 10 ग्रॅमचे सोळा असे गोळे कर. म्हणजे प्रत्येक मुलाला एक मोठी, दोन मधल्या, दोन छोट्या.

मोठ्या आठ तुझ्या तूच आधी करून ठेव, कारण पहिल्या प्रकरणाच्या शेवटी त्या गार होऊन तयार हव्यात. गोळा दाबून सहा सेंटिमीटर रुंद आणि सेंटिमीटरभर जाड कर. काळ्या मनुका कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून फडक्यावर अगदी कोरड्या पूस आणि कात्रीला तेलाचं बोट लावून एकेकीचे चार तुकडे कर. अख्खी मनुका फार मोठी पडते. 'मला खा' एवढ्याशा जागेत मावत नाही, नुसतं 'खा' लिही. एका 'खा'ला वीसेक तुकडे लागतात, म्हणजे आठांना चाळीस मनुका. शिरोरेघ गाळलीस तरी वाचता येतं. पण ख मात्र सांभाळून काढ: 'र'ची शेपटी वळून 'व'च्या पोटाला खालून टेकलीच पाहिजे. एक तुकडा कमी पडून मध्ये फट राहिली की मुलं सरळ 'रवा' वाचतील. दात कोरायच्या काडीने प्रत्येक तुकडा पिठात बुडेपर्यंत दाब. वर राहिला की त्यातली साखर जळते आणि अक्षर कडू होतं.

ओव्हन 170 अंशांवर, वरची-खालची दोन्ही कॉइल चालू, पंधरा मिनिटं आधी तापवून. मधला खण. मोठ्यांना 24 ते 26 मिनिटं, मधल्यांना 20, छोट्यांना 14. तिन्ही आकार एकाच ट्रेमध्ये कधीही ठेवू नकोस. मोठीच्या मध्याला ऊब पोचेपर्यंत छोटी करपलेली असते. कडा सोनेरी झाल्या नि मध्य बोटाला किंचित मऊ लागला की काढायच्या, गार होताना त्या घट्ट होतात. ओव्हनमध्येच कडक व्हायची वाट पाहिलीस तर संध्याकाळी दात लागणार नाही.

मधल्या आणि छोट्या मुलांकडून करून घे, पहिलं प्रकरण संपलं की. छोट्या नुसत्या गोल, काटा न दाबता: ते खडे. मधल्यांवर काट्याने रेघा मारायच्या, पण फक्त अर्ध्या भागावर. उरलेला अर्धा गुळगुळीत. रेघांची बाजू उंच करणारी, गुळगुळीत बुटकी करणारी. पाचव्या प्रकरणात मुलांनी ती मधोमध मोडायची आणि कुठली आधी खायची ते ज्याचं त्याने ठरवायचं.

वाचन आणि भट्टी अशी जुळते. दहा वाजता पहिलं प्रकरण, मोठी खायला द्यायची. मग वीस मिनिटं वळणं. मधल्यांचा ट्रे आत गेला की दुसरं प्रकरण. तो निघाला की छोट्या आत आणि तिसरं प्रकरण. ते धावण्याच्या शर्यतीचं, त्यात सगळेच जिंकतात आणि बक्षीस म्हणून ॲलिसच्या खिशातल्या साखर चढवलेल्या गोळ्या वाटल्या जातात. त्याला आपली रंगीत साखरबडीशेप तंतोतंत बसते, प्रत्येकाला एक दाणा मोजून दे. खडे चौथ्या प्रकरणात बरेच उशिरा येतात, तोवर छोट्या बोलिन्हा गार झालेल्या असतात. पाच प्रकरणं म्हणजे बसल्या जागी बरंच झालं. राजाच्या दरबारातलं मिठाईच्या चोरीचं प्रकरण खूप पुढे, अकरावं. ते दुसऱ्या एखाद्या रविवारी.

भिंतीवर चिकटपट्टी लावून दोन खुणा कर: 25 सेंटिमीटरवर दहा इंची ॲलिस आणि 275 सेंटिमीटरवर नऊ फुटी. दुसरी छताजवळ जाईल, स्टूल लागेल. मुलं पहिल्या खुणेशी पालथी पडून बघतील, तेव्हा टेबलावरची किल्ली तिला का पोचत नाही हे समजवावं लागणार नाही.

पेयासाठी अननसाचा रस ठेव. पुस्तकातल्या त्या बाटलीला ज्या चवी येतात त्यात अननस आहेच. पण औषधाची जुनी बाटली मुळीच वापरू नकोस, कितीही हुबेहूब दिसत असली तरी. रस जगमधून सगळ्यांदेखत पेल्यात ओत. ॲलिस स्वतःही पिण्याआधी बाटलीवर 'विष' लिहिलंय का ते पाहते. तिथे वाचन थांबवून मुलांना स्पष्ट सांग, की घरात अनोळखी बाटली दिसली तर तोंडाला लावायची नाही, मोठ्यांना दाखवायची. आणि अंड्याचं प्रत्येक घरी आधी विचारून घे. एखाद्याला चालत नसेल तर बोलिन्हात अंड्याऐवजी दुसरं काही घालायला जाऊ नकोस, ती भुगा होते. त्याच्यासाठी वेगळी नानखटाई कर आणि 'खा' भाजून झाल्यावर घट्ट पिठीसाखरेने वर लिही.

पुस्तक विकत घ्यायचं नसेल तर पणजीला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बघ. ते 1832 सालापासूनचं, म्हणजे ॲलिसपेक्षाही तेहतीस वर्षांनी थोरलं. प्रत निवडताना जॉन टेनिएलची चित्रं असलेलीच निवड. मूळ 42 चित्रं आहेत, आणि ॲलिसची मान दुर्बिणीसारखी लांबलेली दिसते ते चित्र दुसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच येतं. ते मुलांना जवळून दाखव. संक्षिप्त आवृत्त्यांत नेमकी खाण्याचीच वाक्यं कापलेली असतात. पेटी, मनुका आणि खडे आहेत का ते उघडून बघ, मगच घे.

उरलेल्या बोलिन्हा पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नकोस. वाफ धरली की दुसऱ्या दिवशी लिबलिबीत. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात या पावसात चार दिवस टिकतील. मऊ पडल्याच तर 150 अंशांवर पाच मिनिटं पुन्हा गरम कर, मनुकांकडे लक्ष ठेवून.

मडगावात ओला नारळ शुक्रवारीच घेऊन ठेव. फुटल्यावर पाणी चाखून बघ, आंबूस लागलं तर तो नारळ यात नको.

तुझी,
सुमन