नानांचा कूलर

नागपूर, मे अखेर

प्रिय दिगू,
सप्रेम नमस्कार.

इतके महिने पत्र नाही म्हणून शिव्या घालायच्या असतील तर त्या सावकाश घाल, आधी बातमी ऐक. इतवारीतून आपण सायकलरिक्षावर बांधून आणलेला तो लोखंडी कूलर अखेर गेला. टाकीचा पत्रा कोपऱ्यात इतका सडला होता की पाणी भरताना बोट लावले, तर ते आरपार गेले. बाकी सर्व ठीक. आईचा दमा नेहमीसारखा, माझी शुगर काबूत.

आता नानांच्या खोलीत काय बसवायचे, हा पेच आहे. मोटार आणि पंप धडधाकट आहेत, तेव्हा टाकी बदला आणि वाळ्याच्या नव्या ताट्या लावा, असे त्यांचे म्हणणे. आणि त्यांचे गणित चुकीचे नाही, हीच माझी अडचण आहे. दुपारी पारा ४५ अंशांवर आणि आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असते, तेव्हा ओल्या ताटीतून येणारा वारा तत्त्वतः २४ अंशांपर्यंत उतरू शकतो. प्रत्यक्षात तीसच्या खाली आला तरी माणसाला झोप लागते. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता शोषून घेते, आणि त्यासाठी पंखा व पंप मिळून दोनशे-अडीचशे वॅट पुरतात. दीड टनाचा एसी भर उन्हात त्याच्या सहापट तरी वीज ओढतो.

पण जुलैत, बाहेर ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना, तोच कूलर जेमतेम तीन अंश उतरवतो आणि खोलीत ओल तेवढी भरतो. गादी दमट लागते, उशीला कुबट वास येतो आणि आई मध्यरात्री धाप लागून उठून बसते. शिवाय दर आठवड्याला टाकी रिकामी करून घासली नाही, तर डेंगीच्या डासांना आयते घर मिळते. ते काम नानांच्याने आता होत नाही आणि मला ते करू देत नाहीत.

कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर आलेली हवा कोंडते, यावरून तुझे आणि त्यांचे पंगतीत वाजले होते ना? ती खिडकी आजही बंदच असते. एसीला मात्र ती बंदच लागते, म्हणजे इतक्या वर्षांनी तुझ्यावर मात करण्याची संधी त्यांना मिळणार आहे. पटवताना हा मुद्दा उपयोगी पडेल.

दुकानदार एक टन पुरेल म्हणतो. खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर तापलेला स्लॅब, भिंत पश्चिमेची. आणि एसीचा टनाचा आकडा, म्हणजे गारवा देण्याची क्षमता, बाहेर ३५ अंश धरून काढलेला असतो, मे महिन्यातले नागपूर धरून नव्हे. म्हणून मी दीड टनाचा इन्व्हर्टर एसी (गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा) आणि तांब्याची कॉइल यांवर अडून बसलो आहे. तांब्याची कॉइल गळली तरी डाग देऊन दुरुस्त होते. स्लॅबला पांढरा रंग आधी देणार, कारण सर्वांत स्वस्त गारवा तोच. २०२० पासून वीजबचतीचे स्टार असलेले एसी सुरू होताच आपोआप २४ अंशांवर लावलेले असतात, असे नानांना सांगितले, तर म्हणाले, “एवढे तर माझी ताटीही देते!”

माझा विचार असा: झोपायच्या खोलीत एसी, आणि जुन्या कूलरला नवी टाकी व नीट अर्थिंग करून तो दिवाणखान्यात. वीजबिलावरून कटकट होईल, ती मी सोसेन.

तुमच्या कॅनडातल्या एडमंटनमधली घर तापवणारी फर्नेस आता विसावली असेल. फिल्टर बदललास का? कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मची बॅटरीही पाहून घे. वहिनींच्या नोकरीचे काय झाले, ते कळव.

आणि रविवारी नानांना फोन कर. एसीचा विषय तूच काढ, खिडकीपासून सुरुवात कर, आणि मी सांगितल्याचा त्यांना सुगावा लागू देऊ नकोस. तुझ्याशी ते भांडतील, पण ऐकतील तुझेच.

तुझा,
अव्या