आजीची मजुरी किती लिहू, गुरुजी?

ता. धारूर, जि. बीड
सोमवार, २७ जानेवारी २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

काल तू दोनदा फोन केलास आणि दोन्ही वेळा मी उचलला नाही. सकाळी मी झेंड्याची गाठ बांधत होतो आणि संध्याकाळी ताटावरच डोळा लागला होता. आज शाळा सुटल्यावर परत लावणार होतो, पण जे सांगायचं आहे ते फोनवर अर्ध्यातच राहतं. तिकडं तुझी रेंज जाते, इकडं माझी. म्हणून अंबाजोगाईला डी.एड.ला असताना सुट्टीत लिहायचो तसं कागद-पेन घेऊन बसलोय.

जानेवारी कसा असतो हे तुला वेगळं सांगायला नको. सावित्रीमाई, जिजाऊ, संक्रांत झाली की सव्वीस जानेवारीकडं सगळ्यांचे डोळे. पण या वर्षी सोमवार ते रविवार असा एकही दिवस कोरा गेला नाही. केंद्राच्या (आजूबाजूच्या शाळांच्या गटाच्या) क्रीडा स्पर्धा, बालबाजार, माता मेळावा, मतदार दिनाची शपथ आणि शेवटी झेंडा. पट ३१, आम्ही शिक्षक दोघं, मी आणि मॅडम. त्यातल्या १९ लेकरांचे आईबाप ऊसतोडीला गेलेले. ती आजी-आजोबांकडं राहतात आणि दोन्ही वेळचं जेवण शाळेतच, हंगामी वसतिगृहात करतात. आपल्या बालाघाटातल्या गावांची दिवाळीनंतरची कळा तू पाहिलेली आहेस. दारं कुलपात, ओट्यावर म्हातारी माणसं आणि गल्लीत लेकरं. मस्साजोगच्या सरपंचांच्या खुनापासून जिल्ह्यात गेला दीड महिना काय वातावरण आहे तेही तू बातम्यांत बघतोसच. अशा दिवसांत शाळेतून लेझमीचा आवाज आला की गावातली माणसं आपोआप भिंतीपाशी येऊन उभी राहतात, हे मी या आठवड्यात रोज पाहिलं.

सोमवारी केंद्राच्या मैदानावर गेलो. आदल्याच दिवशी, १९ तारखेला, दिल्लीत आपल्या मुलींनी पहिला खो-खो विश्वचषक जिंकला होता. अंतिम सामन्यात नेपाळवर ७८-४० अशी मात. कर्णधार प्रियंका इंगळे आपल्याच बीड जिल्ह्याची, केज तालुक्यातली. मॅडमनी रविवारी रात्री मोबाईलवर सामन्याचे तुकडे शोधून ठेवले होते, ते सोमवारी टेम्पोत पोरींना दाखवले. मग काय, पोरी खाली उतरल्या त्याच पळत. खो-खोत आम्ही दुसऱ्याच फेरीत हरलो, कारण आमच्याकडं नऊ जणी उभ्या करायच्या म्हटलं की दुसरीतल्या दोघींना घ्यावं लागतं. लंगडीत मात्र पहिला नंबर आला. परत येताना चौथीतली आमची कप्तान टेम्पोच्या फाळक्याला धरून उभी होती. म्हणाली, "गुरुजी, ती बी आपल्यासारखीच मातीत खेळली असंल ना?" मी म्हटलं, असणारच.

या पोरीचंच तुला सांगायचं आहे. नाव लिहीत नाही, कप्तानच म्हणतो.

मंगळवारी दुपारी खिचडी वाढत होतो तेव्हा तिचा बाप दारात उभा. सांगलीकडच्या फडातून रात्रभर एसटीनं आला होता. अंगावरचा शर्ट उसाच्या पाल्यानं फाटलेला, हाताला चिरा. दिवाळीच्या आधी त्यांना मुलगा झाला, तो आता चार महिन्यांचा आहे. त्याला सांभाळायला टोळीतली एक मुलगी होती, ती आजारी पडून गावी गेली. आता बायको मोळ्या बांधते आणि लेकरू कोपीत, फडावरच्या झोपडीत, एकटं. एकदा कुत्रं कोपीत शिरलं, म्हणाला. टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, तो अर्धा करता येत नाही. म्हणून पोरीला न्यायला आला होता. पाडव्यापर्यंत.

मी काय बोलणार? त्याला मी दुसरीत शिकवलाय. मारकुटा नाही, पिणारा नाही, पोरीवर जीव असलेला माणूस. शिक्षण हमी कार्ड देतो, तिकडच्या शाळेत बसव, असं मी म्हणू शकलो असतो. पण लेकराला मांडीवर घेऊन कोण शाळेत बसतं, हे त्यालाही माहीत आणि मलाही. मी एवढंच म्हटलं, "उद्या बाजार आहे, तिचं दुकान आहे. रविवारी झेंडा आहे, लेझमीत ती पुढं आहे. झेंड्यापर्यंत राहू दे." तो बराच वेळ जमिनीकडं बघत उभा राहिला. मग म्हणाला, "झेंड्यापर्यंत राहू द्या. म्या मुकादमाला फोन करतो."

तुला आठवतं, मागं तू म्हणाला होतास की या कार्यक्रमांनी शिकवायचं राहून जातं? त्यात खरं आहेच. प्रत्येक गोष्टीचा फोटो, प्रत्येक गोष्टीची लिंक, बुधवारी रात्री साडेदहाला मी माहिती भरत बसलो होतो. त्याचा मला मनापासून राग येतो. पण आमच्याकडं जानेवारीत 'दुकान आहे', 'लेझमीत आहे', 'भाषण आहे' एवढ्यावर लेकरू गावात थांबतं. बापाला 'भागाकार शिकायचाय' म्हणून अडवता येत नाही, 'झेंडा आहे' म्हणून येतं.

बुधवारचा बाजार मात्र तू पाहायला हवा होतास. पारापासून शाळेच्या फाटकापर्यंत दोन्ही बाजूंनी पोती अंथरलेली. हरभऱ्याचे घाटे, बोरं, उसाच्या कांड्या, तिळाचे लाडू, एकानं तर घरची कोंबडी पाय बांधून आणलेली. एका आजोबांनी फाटकापाशी गोवऱ्यांवर कणसं भाजून हुरडा दिला, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. वासानं अख्खं गाव गोळा झालं. पहिलीतली लेकरं दोन रुपयांच्या बोरांसाठी वीस मिनिटं घासाघीस करत होती. ज्या पोराला फळ्यावर हातच्याची वजाबाकी येत नाही, त्यानं पन्नासची नोट घेऊन अठरा रुपये वजा करून बत्तीस परत दिले. मोजायलाही थांबला नाही. मी त्याला दुसऱ्या दिवशी तीच वजाबाकी फळ्यावर घातली आणि म्हटलं, ही पन्नासची नोट आहे. त्यानं फळ्याकडं न बघता उत्तर सांगितलं. आता त्याला मांडणी शिकवतोय, गणित त्याला आधीच येत होतं.

कप्तानचं दुकान धपाट्यांचं. आजी चुलीपाशी, ती गिऱ्हाइकापाशी. ओल्या फडक्यावर थापलेलं धपाटं तव्यावर टाकायचं, मधल्या भोकात तेलाचा थेंब, वरून दही आणि ठेचा. दहा रुपयाला एक. ३६ धपाटी गेली, ३६० रुपये आले. बाजार उठल्यावर प्रत्येकानं वहीत हिशेब लिहायचा असं ठरलेलं. डावीकडं खर्च, उजवीकडं जमा. सगळ्यांनी जमेतून खर्च वजा केला आणि वह्या दाखवून पळाले. ही बसून राहिली. पीठ, बेसन, तीळ, तेल, दही मिळून १४० रुपये तिनं लिहिले होते. घरच्या ज्वारीच्या पिठाचेही पैसे धरले होते, कारण ते विकत घेतलं असतं तर द्यावेच लागले असते, असं तिचं म्हणणं. मग मान वर करून म्हणाली, "आजीची मजुरी किती लिहू, गुरुजी?"

तेवीस वर्षांत कुणी पोरानं मला हे विचारलं नव्हतं. आणि मीही कधी कुणाला ते लिहायला लावलं नव्हतं. आजी तिथंच तवा पुसत होती. म्हणाली, "माझी कसली मजुरी गं, येडी का काय." पोर ऐकेना. "खुरपायला गेलीस तर तीनशे मिळतेत. आज अर्धा दिस झाला." आणि तिनं लिहिलं : आजीची मजुरी १५० रुपये. मग वजाबाकी केली. उरले ७०. मला वाटलं, एवढेच उरले म्हणून तोंड पाडेल. पण ती वही घेऊन आजीजवळ गेली. आजीला अक्षर ओळखत नाही. तिनं त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हितं माझं नाव हाय?" पोर म्हणाली, "नाव न्हाई, आजी लिवलंय." आजीनं ती ओळ दोनदा वाचून घेतली. पिठाच्या बोटाचा ठसा अजून त्या पानावर आहे.

गुरुवारी नेताजींच्या फोटोला हार घालून माता मेळावा. या दिवसांत आमच्याकडं माता येतात त्या निम्म्या आज्याच. हळदीकुंकू ठेवलं होतं. मॅडमनी करंडा हातात घेतला आणि दारातल्या पहिल्या बाईपासून सुरुवात केली, कुणाला मालक आहे, कुणाला नाही हे न बघता. दोघी-तिघी मागं सरकल्या. मॅडम त्यांच्यापुढं तशाच उभ्या राहिल्या, करंडा पुढं धरून. कप्तानची आजी विधवा. तिनं आधी पदर कपाळावर ओढला, मग सोडला. कुणी काही बोललं नाही, पण नंतर गाणी म्हणायला सगळ्यांत मोठा आवाज तिचाच होता.

शुक्रवार-शनिवार तयारीत गेले. त्यात सांगण्यासारखं फार नाही. मैदानाला पाणी मारलं, चुना टाकला, गणवेशाची बटणं लावली.

काल झेंड्याला गावातल्या सगळ्यांत वयस्कर आजोबांना बोलावलं होतं. रझाकारांच्या वेळी ते दहा वर्षांचे होते. त्यांनी पोरांना सांगितलं की देशाला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपण निजामाच्याच राज्यात होतो, आपल्याकडं तिरंगा यायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावं लागलं. तोवर घरात झेंडा सापडला तर घर जाळायचे. पोरं एवढी गप्प बसलेली मी कधी पाहिली नव्हती. गाठ एका ओढीत सुटली, फुलं पडली, माझा जीव भांड्यात पडला. मग कप्ताननं उद्देशिका म्हटली, 'सार्वभौम' शब्दावर गेले पंधरा दिवस अडखळत होती, काल अडखळली नाही. लेझीम सुरू होणार तेवढ्यात वीज गेली आणि साउंड बंद. पोरं गोंधळून माझ्याकडं बघायला लागली. मागून एका म्हाताऱ्यानं हलगी आणली, गोवऱ्यांवर शेकली आणि वाजवायला लागला. त्या तालावर झालेली लेझीम आमच्या रेकॉर्डवरच्या गाण्यापेक्षा दुपटीनं चांगली झाली. पुढच्या वर्षी साउंड सांगणारच नाही. माणसांनी दहा-वीस-पन्नास करत २,३०० रुपये बक्षीस दिलं.

बाप मागं उभा होता. काल पहाटेच परत आला होता. लेझीम संपेपर्यंत त्यानं मोबाईल वर धरून ठेवला होता, तिकडं कोपीत बायको बघत होती.

संध्याकाळी आजी घरी आली. उंबऱ्यातच उभी राहिली. म्हणाली, "गुरुजी, म्याच जाते फडावर. तान्ह्याला म्या बघते. पोरीचं काय करता?" तिचे गुडघे कसे आहेत मला माहीत आहे. संक्रांतीला वाणसामान आणायला खालच्या आळीत गेली तर दोनदा बसावं लागलं होतं. मी म्हटलं, तिकडं थंडी आहे, कोपीत राहायचं आहे. ती म्हणाली, "चार हंगाम केलेत म्या त्या कोपीत. ऱ्हातंय की." शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावशी पोरीच्या चुलत्याकडच्या नात्यातल्या. त्यांनी तिथल्या तिथं सांगितलं, पोर माझ्याकडं झोपंल. दोन शेळ्याही त्यांच्याच दावणीला बांधल्या.

आज सकाळी सातच्या गाडीनं आजी गेली. हातात एक पिशवी आणि बगलेत वाकळ. मला बरं वाटलं असं म्हणवत नाही रे. पोर शाळेत राहिली त्याचं समाधान आहे, आणि त्याची किंमत सत्तरीची बाई मोजतेय हे दिवसभर मनातून जात नाही. मॅडमना म्हटलं तर त्या म्हणाल्या, पुढच्या वर्षी तान्ह्या लेकरांचं टोळ्या निघायच्या आधीच बघू, शाळा समितीत विषय घेऊ. दसऱ्याच्या आधी मी गावातल्या प्रत्येक उसाच्या घरी जाणार आहे. तुझ्या बदलीचं या उन्हाळ्यात जमलं तर तूही असशील.

शनिवारी पोरांनी तुझ्या समुद्राकाठच्या शाळेतल्या पोरांना पोस्टकार्डं लिहिली आहेत, आठवड्याभरात मिळतील. बहुतेकांनी समुद्राचंच विचारलंय. एकानं विचारलंय, समुद्राला बांध असतो का. तुझ्या लेकरांना उत्तरं लिहायला लाव, आणि शक्य झालं तर मूठभर वाळू एखाद्या पाकिटात घालून पाठव.

पन्नास पैशांची पाच-सहा कार्डं उरली होती. आज मधल्या सुट्टीत कप्तान आली आणि त्यातलं एक मागितलं, आजीला लिहायचंय म्हणून. बाप वाचून दाखवंल, म्हणाली. मजकूर तिनं तिथंच बसून लिहिला, शेळ्यांचा, दह्याचा आणि ७० रुपयांतून काय घ्यायचं याचा. मग पत्त्याच्या जागी पेन टेकवून माझ्याकडं बघायला लागली. फडाला पत्ता काय लिहायचा? टोळी तर चार दिवसांनी शिवार बदलते. कारखान्याचं नाव आणि खाली मुकादमाचं नाव असं सध्या पेन्सिलीनं लिहून ठेवलंय. पोचेल का, हे उद्या धारूरला पोस्टात जाऊन विचारून येतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
मित्र