कामाचे कपडे अंगाला बसणारे हवेत

महोदय,

कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यांचा हंगाम तोंडावर आला आहे. आपल्याकडच्या अनेक जिनिंगमध्ये बायांच्या अंगावर साडीवर चढवलेला पुरुषी मापाचा ढगळ शर्ट आणि तोंडाला रुमाल एवढेच असते. लोंबती बाही फिरत्या पट्ट्यात गेली, की हात ओढला जायला क्षण पुरतो. चालत्या यंत्राला वंगण देणाऱ्याचे कपडे घट्ट बसणारे असावेत आणि ते मालकानेच पुरवावेत, हे १९४८ च्या कारखाने अधिनियमातच लिहिले होते. रुमालाने कापसाची बारीक धूळ अडत नाही. नाकावर नीट बसणारा मास्कच लागतो.

वेल्डिंगवाल्यांना स्वस्तातले पॉलिस्टर देणे तर तातडीने थांबवा. ठिणगीने ते वितळून कातडीला चिकटते. तिथे जाड सुती कापडच हवे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर गेल्यावर कोंडणारा गणवेश कोण अंगावर ठेवील? तो काढला म्हणून कामगाराला बेफिकीर ठरवणे अन्यायाचे आहे. कापूस पिकवणाऱ्या खान्देशात सुती कापडाचा खर्च जड वाटावा, याचे फार वाईट वाटते.

मालकांना विनंती, घाऊक खरेदीआधी चार कामगारांना, त्यात बायाही असू द्या, ते कपडे घालून दिवसभर काम करू द्या आणि त्यांचे ऐकूनच ऑर्डर द्या.

– एक कामगार, जळगाव