बोट उचलून मधे ठेवा

हर्णै,
१४ जुलै

प्रिय मित्रा,

शिव्या घालू नकोस, उशीर झालाय खरा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होडी किनाऱ्यावर झापांखाली, सुवर्णदुर्ग पावसात दिसतसुद्धा नाही. तरी पत्राला हात लागेना, कारण डोकं विम्याच्या कागदांत अडकलेलं.

वादळात होडीची फळी फुटली, ती सुताराकडून दुरुस्त करून घेतली. विम्यासाठी अर्ज इंग्रजीत हवा, म्हणून ऐटीत लिहिलं, 'आय हॅड रिपेअर्ड द बोट.' आठवड्याने फोन, "स्वतःच दुरुस्त केलीत, मग मजुरीचं बिल कसलं?" माझं टाळकंच फिरलं. अर्ज घेऊन शेजारच्या मास्तरीण वहिनींकडे गेलो. त्या वाचून हसल्या. "भाऊजी, बोट उचलून मधे ठेवा." मी आधी हाताकडे पाहिलं!

'आय हॅड द बोट रिपेअर्ड.' शब्द तेच पाच. आधी मी स्वतः हातोडा धरला होता, आता करून घेतली. आपण 'करून घेतली' म्हणतो नि मोकळे होतो, इंग्रज नुसती शब्दाची जागा बदलतात.

वहिनी म्हणाल्या, जुन्या इंग्रजीतही आपल्यासारखे प्रत्यय होते. १०६६ साली नॉर्मन आले त्याआधीच ते झिजू लागले, पुढच्या दोन-तीनशे वर्षांत बहुतेक गेले. आपलं बरं. 'कुत्र्याने बोक्याला धरलं' म्हण की 'बोक्याला कुत्र्याने धरलं', धरला गेला बोकाच. तिकडे दोघांची अदलाबदल केलीस तर कुत्रा सापडला बोक्याच्या तावडीत.

आणखी एक ऐक. आपण सगळेच अर्जात 'कन्सर्न्ड ऑफिसर' लिहितो ना? इंग्लंडातल्या माणसाला तो काळजीत पडलेला साहेब वाटेल. संबंधित साहेब हवा असेल तर 'ऑफिसर कन्सर्न्ड'. माझं बिल बघून आमचा साहेब दोन्ही झाला असेल म्हणा.

'ओन्ली'चा घोळ तर विचारूच नकोस. आपला 'च' ज्याला चिकटेल त्याचा. मीच सुरमई घेतली, सुरमईच घेतली, प्रश्न मिटला. 'आय ओन्ली बॉट सुरमई' म्हटलं तर फक्त सुरमई घेतली, की घेतली पण खाल्ली नाही? बोलताना जोर कुठे पडतो त्यावर ठरतं, आणि कागदावर जोर दिसत नाही.

आपल्याकडेही क्रम अगदीच फुकट नाही हं. रात्री उशिरा घरी गेलं की आई 'तू आलास?' नाही म्हणायची. 'आलास तू?' म्हणायची, आणि आपण ताटावर मुकाट बसायचो. आठवतं?

नारळी पौर्णिमेला ये. पैसे अजून आले नाहीत, पण अर्ज पुन्हा धाडलाय, बोट मधोमध ठेवून.

तुझाच,
होडीवाला