सात रस्त्यावरच्या काकांचे आभार

रविवारी सात रस्त्याजवळ भर उन्हात माझ्या उघड्या डिकीपाशी थांबलेले काका आणि त्यांच्याबरोबरचा मुलगा, तुमचे मनापासून आभार. नाव विचारायचं राहूनच गेलं.

गाडीत कंपनीने बसवलेला सबवूफर, म्हणजे खर्जाचा आवाज देणारा मोठा स्पीकर, फाटला होता. नव्याला दोन कॉइल (तारेची वेटोळी), प्रत्येकीचा विजेला होणारा अडथळा २ ओहम. मी त्या पॅरलल, म्हणजे शेजारी-शेजारी, जोडायला निघालो, तेवढ्यात काकांनी हात धरला. "थांबा की! १ ओहम होतंय ते, आवाज वाढवणारा अँप्लिफायर जळेल. जुना ४ ओहमचा होता." दोन्ही कॉइल त्यांनी सिरीजमध्ये, म्हणजे एकीमागे एक, जोडून ४ ओहम केल्या, मीटर लावून बघितलं, मगच टेप गुंडाळली.

गाडीकडून येणाऱ्या वायरींत प्लस कुठली, हेही मला कळत नव्हतं. मुलाने भिंतीवरच्या घड्याळाला लागतो तसला दीड व्होल्टचा सेल जुन्या सबवूफरच्या टोकांना क्षणभर टेकवला. स्पीकरचा पडदा बाहेर उचलला गेला. म्हणजे सेलची प्लस बाजू ज्या टोकाला लागली तेच प्लस, आणि त्या टोकाला येणारी गाडीची वायरही प्लस! किती साधी, किती सुंदर युक्ती.

रंगाला ओरखडा नको म्हणून काकांनी स्वतःची सोलापुरी चादर डिकीत अंथरली होती. पैसे घेतले नाहीत, चहा तेवढा घेतला.

वडिलांच्या अभंगांतला पखवाज आता पुन्हा भरून वाजतोय. काका, हे वाचलंत तर घरी या.