चाळिशीतला बदललेला स्वभाव आणि मेंदूतील श्वेतद्रव्य

महोदय,

स्मृतिभ्रंशाविषयी वृत्तपत्रांत जे लिहिले जाते, ते बहुतांशी साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले असते. ऐन कर्तेपणाच्या वयात, बहुधा चाळिशीच्या आसपास, मेंदूच्या श्वेतद्रव्याला, म्हणजे संदेश वाहून नेणाऱ्या तंतूंच्या भागाला, ग्रासणारे आनुवंशिक आजारही असतात, याची वाचकांना फारशी कल्पना नसते. ‘एएलएसपी’ (अ‍ॅडल्ट-ऑनसेट ल्युकोएन्सेफॅलोपॅथी विथ अ‍ॅक्सोनल स्फेरॉइड्स अँड पिगमेंटेड ग्लिया) हा त्यांपैकीच एक. तो दुर्मीळ आहे हे खरे. परंतु त्याची सुरुवातीची लक्षणे स्वभावदोष म्हणून खपून जातात, म्हणून हा पत्रप्रपंच.

या आजारात सर्वांत आधी स्मरणशक्तीच बिघडते असे नाही. आजवर जबाबदारीने वागणारा माणूस निरुत्साही होतो, घरच्यांच्या सुखदुःखाविषयी उदासीन दिसू लागतो, चारचौघांत अनुचित बोलून जातो, सवयीच्या कामांचा क्रम लावताना गोंधळतो आणि पैशांच्या व्यवहारात चुका करू लागतो. घरात याला आळस किंवा विक्षिप्तपणा म्हटले जाते, कामाच्या ठिकाणी बेजबाबदारपणा, आणि दवाखान्यात पुष्कळदा नैराश्य. या आजारात नैराश्य खरोखरच येऊ शकते, त्यामुळे ते निदान सर्वस्वी चुकीचे म्हणता येत नाही. मात्र तपास तेथेच थांबला, तर चाल अडखळणे, हातपाय ताठरणे, हालचाली मंदावणे, बोलणे अस्पष्ट होणे, क्वचित फिट येणे या पुढच्या खुणांचा आधीच्या वागण्याशी संबंध कोणी जोडत नाही.

१९८४ मध्ये स्वीडनमधील एका कुटुंबात अशाच विकाराचे वर्णन झाले आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने एएलएसपीचे मूळ ‘सीएसएफ१आर’ या जनुकातील बदलात असल्याचे दाखवले. मेंदूची निगा राखणाऱ्या मायक्रोग्लिया पेशींना हे जनुक आवश्यक असते. ते बिघडले की मज्जातंतू आणि त्यांवरील मायलिनचे वेष्टन यांची हानी होत जाते. एमआरआयमध्ये श्वेतद्रव्यातील डाग, विशेषतः मेंदूच्या पुढच्या भागात, दिसतात. तेवढ्यावरून मल्टिपल स्क्लेरोसिस या मायलिनचीच हानी करणाऱ्या वेगळ्या आजाराचे निदान होऊन रुग्णावर भलतेच उपचार सुरू होण्याचीही शक्यता असते. सीटी स्कॅनमध्ये दिसणारे कॅल्शियमचे बारीक ठिपके अशा वेळी मोलाचा दुवा ठरतात. खात्री मात्र जनुकीय चाचणीनेच होते.

आई किंवा वडिलांपैकी एकाकडे हा बदल असल्यास प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. तरीही घराण्यात असा रुग्ण आठवत नाही एवढ्यावरून हा आजार नाकारू नये, कारण पूर्वीच्या पिढीत त्याची नोंद ‘वेड’ किंवा ‘पक्षाघात’ अशीच झालेली असू शकते. निरोगी नातेवाइकांनी चाचणी करून घ्यायची की नाही, हा निर्णय सर्वस्वी त्यांचा असावा आणि त्याआधी त्यांना जनुकीय समुपदेशन मिळावे.

हमखास बरा करणारा उपचार अद्याप नाही. मूलपेशी प्रत्यारोपण काही रुग्णांत करून पाहिले गेले आहे, आणि मेंदूची हानी फार झालेली नसतानाच त्याचा विचार करता येतो. वेळेवर निदान होण्याचे महत्त्व यासाठीच अधिक आहे. आपण एखाद्या मेंदूविकारतज्ज्ञाकडून या विषयावर सविस्तर लेख लिहवून घ्यावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक